डिझाइनची मजुरी चौरस फुटाने मोजू नये

बीड शहरात बसस्थानकापासून बाजारपेठेपर्यंत पायी गेले तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फ्लेक्सचे फलक दिसतात. वाढदिवस, उद्घाटन, सत्कार, मुशायरा, शाळेचा वार्षिक जलसा, दुकानाचा सेल असे त्यांचे विषय असतात. गेवराई, माजलगाव, परळी, केज येथेही चित्र वेगळे नाही. यांपैकी कोणत्याही एका फलकाजवळून मोटारसायकलवरून जावे आणि मग स्वतःला विचारावे की, कार्यक्रम कोणता होता, कोठे होता, केव्हा होता? बहुतेक वेळा उत्तर देता येत नाही. वीस-पंचवीस चेहरे आठवतात, तारीख आठवत नाही. फलक लावणाऱ्याचे पैसे मात्र खर्च झालेले असतात.

आम्ही कापडाचे व्यापारी. या विषयाशी आमचा संबंध काय, असा प्रश्न वाचक बांधवांना पडेल. संबंध धंद्याचाच आहे. आपल्या मोहल्ल्यांतील जी मुले दहावी-बारावीनंतर संगणक शिकली, त्यांतील अनेक जण आज डीटीपीच्या आणि फ्लेक्सच्या दुकानांत बसतात. पुस्तकाचे मुखपृष्ठ, लग्नपत्रिका, मदरशाच्या जलशाचे पोस्टर, दुकानाची पाटी हे सर्व त्यांच्या हातून जाते. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही-आम्ही. दुकानात पाऊल टाकताच आपण पहिला प्रश्न विचारतो, "फूट काय भाव?" भाव ठरतो तो फ्लेक्सचा आणि शाईचा. ज्याने डोके चालवून सर्व मांडले त्याच्या कामाचा भाव कोणी विचारत नाही. ते छपाईबरोबर फुकट मिळते असे गृहीत धरले जाते. आमचे म्हणणे असे की, या रीतीने कारागिराचे नुकसान होते आणि त्याहून अधिक गिऱ्हाइकाचे होते.

नक्षीचे दाम

कापडाच्या धंद्यात ही गोष्ट नवीन नाही. एकाच गिरणीची, एकाच सुताची, एकाच वजनाची दोन ठाणे काउंटरवर येतात. एक आठवड्यात संपते, दुसरे सेलमध्ये काढावे लागते. फरक फक्त छापाचा असतो. बनारसच्या हातमागावर विणकराच्या आधी नक्शाबंदाचे काम असे. कागदावरची नक्षी तो दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून देई, आणि ते जाळे मागावर चढवून विणकर कापड काढी. नक्शाबंद हा वेगळा कारागीर आणि त्याचे काम हे वेगळे काम, हे तेथे सर्वांना मान्य होते. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची हिमरू किंवा पैठणची पैठणी यांचे नावही केवळ सुतावर झालेले नाही. आपण व्यापारी नक्षीचे दाम रोज देतो आणि रोज घेतो. मग पोस्टरच्या बाबतीत ते दाम शून्य कसे होते?

अंबाजोगाईची पासोडी

आपल्या जिल्ह्यात या गोष्टीचा चारशे वर्षांचा पुरावा आहे. अंबाजोगाई येथे दासोपंतांची (१५५१-१६१५) पासोडी आहे. पासोडी म्हणजे पांघरण्याचे जाड सुती वस्त्र. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर दासोपंतांनी 'पंचीकरण' हा आपला ग्रंथ लिहिला. त्यात ओव्या आहेत, तसेच विषय समजावून देणाऱ्या आकृत्याही आहेत. ग्रंथातील तत्त्वज्ञान हा आपला आजचा विषय नाही. आम्ही तिचा विचार कापडवाल्याच्या नजरेने करतो. सुती कापड शाई पिते. त्याला खळ नीट बसली नसेल तर अक्षर पसरते. कागदावर चूक झाली तर पान बदलता येते, कापडावरची शाई खोडता येत नाही. कोणती ओवी कोठे येणार, आकृतीला किती जागा सोडायची, अक्षर केवढे ठेवायचे, हे आधी ठरवल्याशिवाय असे काम तडीस जात नाही.

दासोपंतांना लिहिण्यासाठी रोज एका ढबू पैशाची शाई लागत असे, असे परंपरेने सांगतात. शाईचा हिशेब लोकांच्या लक्षात राहिला. मांडणीला किती विचार लागला त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. फ्लेक्सच्या दुकानात आजही हेच चालते.

पेंटर, कातिब आणि संगणक

फ्लेक्स येण्यापूर्वी कार्यक्रमाचे बॅनर कापडावर रंगवले जात. त्यासाठीचा मांजरपाट आमच्यासारख्या दुकानांतून जाई. पेंटर कापड ताणून बांधी, खडूची भुकटी लावलेल्या दोरीने रेघ मारी, मजकुरातील अक्षरे मोजी, मध्य काढी आणि मगच ब्रश रंगात बुडवी. मजकूर लांबलचक असला तर तो स्वतःच सांगे की, एवढे बसणार नाही, दोन ओळी कमी करा. प्रत्येक अक्षराला मेहनत पडत असल्यामुळे गिऱ्हाईकही गरजेपुरतेच लिहून देई.

उर्दू पोस्टर कातिब लिहीत. लिथोच्या काळात मसाला लावलेल्या पिवळ्या कागदावर आणि ऑफसेट आल्यावर बटर पेपरवर किताबत होत असे. कलमाचे टोक ज्या रुंदीला कापले असेल ती रुंदी म्हणजे कत. त्या कताच्या नुक्त्याने अक्षराची लांबी-उंची मोजली जाई. कातिबाच्या शागिर्दाची वर्षे अलिफ आणि बे सरळ करण्यात जात.

संगणकावर मात्र अक्षर बारीक करायला काही खर्च येत नाही. शंभर शब्दही बसतात, पन्नास फोटोही बसतात. त्यामुळे आजच्या पोस्टरवर सर्व काही असते आणि वाचायला काही सापडत नाही. यात दोष संगणकाचा नाही. संगणकातील अक्षरसुद्धा कोणाच्या तरी हाताचेच असते. नूरी नस्तालीक हे उर्दूचे अक्षर १९८१ च्या सुमारास संगणकावर आले, ते मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरजोडण्या हाताने लिहून दिल्यामुळे. पुढे १९९० च्या दशकात इनपेज आले आणि गावोगावच्या उर्दू छपाईत ते अक्षर पसरले. विंडोजमध्ये पूर्वी मराठी उघडताच दिसणारे 'मंगल' हे अक्षर मुंबईच्या आयआयटीमध्ये शिकवणारे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवले. यंत्र बदलले तरी हात आणि डोळा लागतोच.

मजुरीची रीत मात्र जुनीच राहिली. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत सुरुवातीच्या काळात सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले. तेव्हा त्यांना चौरस फुटामागे काही आणे मिळत. पुढे त्यांची चित्रे कोट्यवधी रुपयांना विकली गेली. हात तोच होता. आज आण्यांच्या जागी रुपये आले, पण चौरस फूट सुटला नाही.

कमल शेडगे यांची अक्षरे

या कामाचा दर्जा कोठवर जाऊ शकतो हे मराठीत कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी दाखवून दिले. ते टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात नोकरीला होते. नाटकांच्या जाहिराती, मासिकांची शीर्षके आणि पुस्तकांची मुखपृष्ठे यांसाठी त्यांनी आयुष्यभर अक्षरे काढली. वर्तमानपत्रातील नाटकाची जाहिरात म्हणजे थोडीशी जागा आणि काळी शाई. चित्राला तेथे फारसा वाव नसतो. शेडगे यांनी नाटकाच्या नावाच्या अक्षरांतूनच नाटकाचा भाव उभा केला. 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे ऐतिहासिक नाटक आणि 'वस्त्रहरण' हे मालवणी बोलीतील विनोदी नाटक. दोन्हींची अक्षरे त्यांचीच, पण वळण एक नाही. अक्षर पाहूनच प्रेक्षकाला नाटकाचा अंदाज येई. नाटक कशाविषयी आहे हे जाणून घेतल्याशिवाय असे अक्षर निघत नाही.

त्यांच्या आधीच्या पिढीत गोव्याचे दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) यांनी मुखपृष्ठांना घरोघरी नेले आणि १९४५ मध्ये 'दीपावली' हा अंक सुरू केला. २०२५ मध्ये सुलेखनकार अच्युत पालव यांना पद्मश्री मिळाली. अक्षर काढणे हे मानाचे काम आहे, ही गोष्ट सरकारदरबारीही मान्य झाली.

आपल्या वाचकांसाठी यात एक खास धडा आहे. आपल्या धार्मिक जलशांच्या पोस्टरवर माणसांची चित्रे आपण टाळतो. मग राहते काय? अक्षर, रंग, वेलबुट्टी आणि मोकळी जागा. म्हणजे शेडगे यांच्यासमोर जी अडचण होती तीच आपल्यासमोर आहे. अशा वेळी अक्षराकडे दुर्लक्ष करून मिनार, कंदील आणि चंद्रकोर यांची गर्दी केली तर प्रत्येक पोस्टर मागच्या वर्षीच्या पोस्टरसारखे दिसते.

मुखपृष्ठ आणि पोस्टर कसे तयार होते

चांगला कारागीर संगणक सुरू करण्याआधी प्रश्न विचारतो. पुस्तक असेल तर तो हस्तलिखित मागतो, निदान दोन-चार प्रकरणे वाचतो आणि लेखकाशी बोलतो. मग साध्या कागदावर पेन्सिलीने आगपेटीएवढे आठ-दहा कच्चे आराखडे काढतो. त्यांतील दोन निवडून मोठे करतो. शीर्षकाचे अक्षर तयार टाइपातले घ्यायचे की हाताने काढायचे हे त्यानंतर ठरते. गिऱ्हाइकाला शेवटचा नमुना दिसतो, आधीचे आठ कागद दिसत नाहीत. मजुरी खरे तर त्या आठ कागदांची असते.

त्यानंतर मोजमाप येते. डेमी आकाराचे पुस्तक सुमारे साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते. २०० पाने छापली म्हणजे कागद १००. सत्तर जीएसएमचा एक कागद साधारण एक दशांश मिलिमीटर जाड धरला तर पुस्तकाची पाठ सुमारे एक सेंटीमीटर होते. छापखान्याने ऐनवेळी जाड कागद वापरला तर पाठ वाढते आणि पाठीवरचे नाव मध्यावर राहत नाही. कटाईसाठी चारही बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर रंग जास्त सोडावा लागतो, नाहीतर कडेला पांढरी पट्टी राहते. फोटो इंचाला तीनशे ठिपक्यांचा हवा. मोबाइलवर आलेला फोटो मोठा केला की चेहरा धुरकट होतो. रंगाचेही तसेच आहे. पडद्यावर रंग प्रकाशाचे असतात, कागदावर चार शायांचे. आपल्या लोकांना आवडणारा झगझगीत हिरवा पडद्यावर सुंदर दिसतो आणि कागदावर मळकट उतरतो. जाणकार कारागीर हे आधीच सांगतो आणि छापून निघेल असा हिरवा निवडतो.

पोस्टरचे काम याहून वेगळे. पुस्तक हातात धरून वाचतात, पोस्टर चालता-चालता वाचतात. म्हणून कार्यक्रमाचे नाव, दिवस व वेळ, आणि ठिकाण या तीन गोष्टी दहा पावलांवरून वाचता आल्या पाहिजेत. बाकी सर्व त्यानंतर. हिजरी तारीख चंद्रदर्शनावर एक दिवस मागेपुढे होऊ शकते, म्हणून तिच्यासोबत इंग्रजी तारीख आणि वार देणे आवश्यक. पोस्टर कोणी वाचायचे हाही प्रश्न आहे. आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांच्या मुलांच्या शाळाप्रवेशाचे पोस्टर करायचे असेल तर चार ओळी, मोठे अक्षर आणि शाळेचा ओळखू येईल असा फोटो पुरतो. संस्थाचालकांच्या चेहऱ्यांची रांग तेथे कामाची नाही.

दोन लिप्यांचा मेळ

आपल्या पोस्टरवर बहुधा मराठी आणि उर्दू दोन्ही असतात. हे काम सोपे नाही. मराठी अक्षर वरच्या शिरोरेघेला लटकते आणि डावीकडून उजवीकडे जाते. नस्तालीक उजवीकडून सुरू होते आणि प्रत्येक शब्द वरून खाली तिरपा उतरतो. त्यामुळे उर्दू ओळीला वर-खाली जास्त जागा द्यावी लागते. दोन्हींना संगणकावर सारखाच आकडा दिला तरी डोळ्याला ती सारखी दिसत नाहीत. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते, म्हणून त्याचे मुखपृष्ठ मराठी पुस्तकाच्या उलट बाजूला येते. लिपी न जाणणाऱ्या माणसाकडून हे सांभाळले जात नाही.

आमच्या दुकानाच्या ईदच्या सेलचे हँडबिल एका छापखान्यात असेच फुकटच्या डिझाइनवर छापले गेले. त्यांच्या संगणकाने उर्दू ओळ उलटी केली आणि अक्षरे सुटी-सुटी पाडली. मंजूर करून दिलेला मजकूर बरोबर होता, छापताना फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली गेली होती. दोन हजार प्रती गठ्ठ्यातच राहिल्या. डिझाइनचे वाचलेले पैसे कागद आणि छपाईत गेले, आणि सेलचे पहिले तीन दिवस जाहिरातीविना गेले.

आणखी एक बाब अदबीची आहे. हँडबिल शेवटी रस्त्यावर पडते, फ्लेक्स कार्यक्रमानंतर ताडपत्रीसारखा कोठेही अंथरला जातो. अशा कागदावर आणि कापडावर पवित्र नावे, आयती छापाव्यात का, याचा विचार छापण्याआधी व्हावा. आपल्यातील समजूतदार कारागीर हे गिऱ्हाइकाला नम्रपणे सुचवतो. ही सूचनासुद्धा त्याच्या कामाचाच भाग आहे.

"मोबाइलवर फुकट होते"

आमच्या काही व्यापारी मित्रांचे म्हणणे असे की, हल्ली मोबाइलच्या ॲपवर तयार नमुने मिळतात, कृत्रिम बुद्धिमत्ता मिनिटात चित्र काढून देते, मग पैसे कशाला द्यायचे? या म्हणण्यात तथ्य आहे. 'शुक्रवारी दुपारी दुकान बंद राहील' एवढे सांगण्यासाठी कारागिराकडे जाण्याचे कारण नाही. ईद मुबारकचा निरोपही मोबाइलवर करावा. छोट्या दुकानदाराने प्रत्येक चिठ्ठीला डिझाइनचा खर्च करावा असे आम्ही म्हणत नाही.

परंतु जी वस्तू वर्षानुवर्षे टिकते तिचा हिशेब वेगळा. दुकानाची पाटी, मालाचे लेबल, संस्थेचे बोधचिन्ह, पुस्तकाचे मुखपृष्ठ, मोठ्या कार्यक्रमाचे पोस्टर यांत आपले नाव लोकांसमोर जाते. तयार नमुना आपल्यासारखाच शेजारच्या दुकानदारालाही मिळतो. यंत्राने काढलेल्या चित्रात जोडाक्षर, वेलांटी आणि नुक्ता जागेवर आहेत की नाहीत हे पाहायला जाणता माणूस लागतोच. इंटरनेटवरून उचललेले चित्र फुकटचे नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने चित्र, रेखाटन आणि छायाचित्र यांना संरक्षण दिलेले आहे. मूळ मालकाने हरकत घेतली तर ज्याच्या दुकानावर पाटी आहे त्यालाही उत्तर द्यावे लागते.

व्यवहार कसा असावा

गिऱ्हाइकाने चार गोष्टी कराव्यात. डिझाइनची मजुरी छपाईपासून वेगळी ठरवावी आणि तिचा निम्मा भाग आगाऊ द्यावा. मजकूर पूर्ण करून, नावे आणि तारीख तपासून, एकदाच लिहून द्यावा. नमुने किती आणि दुरुस्त्या किती वेळा हे आधी बोलून घ्यावे, दोन नमुने आणि दोन दुरुस्त्या हे प्रमाण दोघांनाही परवडते. शेवटच्या प्रुफावर सही करावी, म्हणजे चूक कोणाची हा वाद राहत नाही.

कारागिरानेही आपली बाजू सांभाळावी. दुसऱ्याचे काम उचलून आपले म्हणून विकू नये. सांगितलेल्या दिवशी माल द्यावा, कारण कार्यक्रम झाल्यावर आलेले पोस्टर रद्दी असते. मूळ फाइल गिऱ्हाइकाला द्यायची की नाही आणि तिचे वेगळे पैसे घ्यायचे का, हे सुरुवातीलाच सांगावे. कायदा माहीत असावा. निवडणुकीच्या पोस्टरवर मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार बंधनकारक आहे, आणि सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करणे हा १९९५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा आहे. नवख्या मुलाला हे ठाऊक नसते. दुकानाच्या मालकाने त्याला शिकवावे.

बीड एके काळी चामड्याच्या छागलींसाठी आणि गुप्तीसाठी ओळखले जाई. त्या कारागिरीला बाजार उरला नाही. डिझाइनला बाजार आहे आणि तो वाढतो आहे. फुकटच्या कामावर कोणी उस्ताद होत नाही. जो मुलगा दिवसाला वीस फलक ओढतो त्याला विचार करायला सवड नसते, आणि थोडे शिकला की तो पुण्या-मुंबईला निघून जातो. त्याला येथे टिकवायचे असेल तर त्याच्या मेहनतीचा भाव येथे मिळाला पाहिजे. व्यापारी बांधवांनी पुढच्या वेळी फुटाचा भाव विचारण्याआधी त्या मुलाला विचारावे, "डिझाइनचे किती द्यायचे?" तो जो आकडा सांगेल त्यावर घासाघीस जरूर करावी, तो आपला धर्मच आहे. पण आकडा शून्य नसावा.